डावीकडचं स्टिअरिंग

प्यूजो दोनशे चार, मागं लांब पाठ असलेली,
रंग शिळ्या ताकासारखा.
फोर्टातल्या कुठल्याशा फ्रेंच साहेबानं मायदेशी जाताना
फुंकून टाकली आणि बाबांनी घेतली,
कारण तिचं मागचं दार वर उघडायचं
आणि उंबरठा गुडघ्याएवढाच होता.
बाकी गाडी त्यांनी पाहिलीच नाही.
स्टिअरिंग डाव्या हाताला आहे
हे म्हणे घरी येताना महालक्ष्मीच्या पुलावर कळलं.

बाबा शिवणाची मशिनं दुरुस्त करायचे.
माहीमचा ब्लाउजवाला, परळचे दोघे भाऊ,
भायखळ्याच्या शाळेतला शिवणवर्ग.
मागची सीट पाडली की चार मशिनं पायांसकट
आडवी, गोधडीत गुंडाळून,
आणि तेलाचा डबा माझ्या मांडीवर.
रविवारी त्याच जागेत तांदळाचं पोतं,
शेजारच्या कोठाऱ्यांचं कपाट,
एकदा तर पाय मोडलेला सुभान टेलर,
सरळ झोपवून, केईएमपर्यंत.
खटारा, सगळे म्हणायचे,
आणि संध्याकाळी चावी मागायला यायचे.

पण रस्ता दिसायचा आईला.
उजव्या सीटवर ती, रस्त्याच्या मधोमध,
समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी.
बाबांना फक्त फुटपाथ,
गटारांची झाकणं, पुढच्या बसची पाठ.
ती मान बाहेर काढून म्हणायची, "थांबा.
थांबा... टँकर आहे... थांबा."
मग, "चला!"
आणि बाबा काही न बघता गाडी बाहेर काढायचे.
मोठी झाल्यावर विचारलं, भीती नाही वाटायची?
म्हणाले, कसली? तिला दिसत होतं ना.

आई गेली त्या वर्षी
तिच्या सीटवर त्यांनी एक मशीन बांधलं, सुतळीनं.
जागा वाया कशाला, म्हणाले.
आणि कुणाला ओलांडणं सोडून दिलं.
एखादी लाल बस गाठून तिच्यामागे निघायचे,
ती थांबली की थांबायचे, प्रत्येक स्टॉपवर,
उतरणारी माणसं मोजत बसल्यासारखे.
परळ गाठायला तास जायचा.

काल गाडी जाल मिस्त्रीकडून क्लच बांधून आली.
(सुटे भाग आता तो स्वतःच घडवतो.
मागच्या दाराची बिजागरी कुणाच्या तरी तिजोरीची आहे.)
मी सुतळी सोडली, मशीन मागे ठेवलं, बसले.
सीटला अजून चार पायांचे खळगे.
लालबागला पुढे हातगाडी, बर्फाची, संथ.
बाबांनी काही विचारलं नाही.
इंडिकेटर लावला
आणि बसून राहिले. टिक, टिक.

मी मान बाहेर काढली.
समोरून टॅक्सी येत होती. लांब की जवळ,
मला कळेना.
गोणपाटाखालून बर्फ गळत होता,
डांबरावर ओली रेघ आमच्यापुढे चाललेली.
"थांबा," मी म्हणाले,
आणि आवाज जरा आईसारखा लागला म्हणून
टॅक्सी गेल्यावरही,
"थांबा."