भिजत घातलेली होडी

तळं गेलं, तळ राहिला.
पांढरा, खारट,
पायाखाली पापडासारखा मोडणारा.
नकाशावर मात्र निळा रंग तसाच होता,
बहुधा आळसाने.

अब्दोनमामाने होडी ओढत दाराशी आणली
आणि तिच्यात कोंबड्या ठेवल्या.
रिकामी राहिली तर मनाला लावून घेईल, म्हणाला.
सात वर्षं त्या होडीने अंडी दिली.

आम्ही पांगलो. कुणी मिठाच्या कामावर,
कुणी खाणीत, मी ओरुरोला
हॉटेलच्या चादरी धुवायला.
माझ्या इनेसला मासा ठाऊक होता तो डब्यातला,
बिनडोक्याचा.

यंदा फेब्रुवारीत गावी गेलो,
मामीला जाऊन वर्ष झालं म्हणून.
रात्री पत्र्यावर वाजलं.
मामा उठला नाही. गारा असतील,
येतात नि जातात.
मग आवाज जाड झाला.
मामाने अंधारातच टोपी शोधून घातली
आणि नुसता बसून राहिला,
पाहुणे यायचे असल्यासारखा.

तीन दिवस.
चौथ्या पहाटे कोंबड्यांचा गलका:
पश्चिमेकडून पाणी चालत आलं होतं,
वीतभर खोल, गढूळ,
ओट्यापाशी जरा थबकलेलं.
आणि होडी हलत होती.
थोडीशीच. कोंबड्या सगळ्या एका बाजूला गोळा झाल्यामुळे
तिरकी.

मामाने एकेक कोंबडी उतरवली,
प्रत्येकीला नावाने शिव्या देत.
मग होडीत दगड भरू लागला.
पाणी फटींतून आत शिरलं, वर चढलं,
काठ दिसेनासा झाला.
दोन्या मेलितोना कंबरेवर हात ठेवून हसली:
एवढ्या वर्षांनी पाणी आलं
आणि या शहाण्याने होडी बुडवली!

लाकूड आटलंय, मामा म्हणाला.
फुगलं की फटी आपल्या आपण मिटतात.
पाण्यावर राहायचं
तर आधी पाणी प्यावं लागतं.

किती दिवस?
त्याने खांदे उडवले.
आणि मासे? इनेसने विचारलं.
तेव्हा त्याने दूर पाहिलं,
जिथे एकच फ्लेमिंगो
एका पायावर उभा राहून
दुसरा पाय टेकावा की नाही, ठरवत होता.

दुपारी आमची बस होती.
मामा पोहोचवायला आला नाही.
बुडलेल्या होडीशेजारी ओट्यावर बसला होता,
ओंजळीत आज सकाळचं अंडं,
होडीतलं शेवटचं,
अजून कोमट असावं अशा बेताने धरलेलं.