पाच हर्ट्झच्या खाली

ऐंशी मैलांची रात्र एका फाइलीत आली,
चारशे मेगाबाइट.
व्हाइटहेवनहून न्यूकॅसलला,
खालचा रस्ता पुराने बंद, म्हणून हार्टसाइडच्या घाटाने.
इनक्युबेटर रिकामा, म्हणजे आत बाळ नव्हतं;
अठराशे ग्रॅम वाळू होती शिवलेल्या पिशवीत
आणि पिशवीच्या पोटाला मेणाने चिकटवलेला
शेंगदाण्याएवढा सेन्सर.

सेकंदाला दोन हजार अठ्ठेचाळीस वेळा
त्याने एकच विचारलं: आता किती?
आता?
आता?

माझं काम, गेट्सहेडच्या या शेडमध्ये,
त्या रात्रीचा असा तर्जुमा करणं
की कंपनाच्या टेबलाला तो कळेल.
टेबलाला घाट कळत नाही,
धुकं, उतारावरचा दुसरा गिअर, काही नाही.
कुठल्या वारंवारतेला किती जोर,
एवढं सांगा, ते हलतं.

म्हणून आधी गुरुत्वाकर्षण वजा केलं.
जे सतत असतं ते मोजायचं नसतं.
मग रात्रीचे सेकंदा-सेकंदाचे तुकडे,
कडा बोथट करून, अर्धे एकमेकांवर चढवून,
कौलं घालतात तसे.
तुकड्यातून स्वर वेगळे, स्वरांचे वर्ग, वर्गांची सरासरी.
सोळा हजार तुकड्यांची मिळून एक रेघ.

रेघ छान आली.
बारा हर्ट्झला टेकाड, ते चाकांचं.
अठ्ठावीसला दुसरं, स्ट्रेचरच्या पायांचं.
पुढे इंजिन, बारीक आणि हट्टी,
मग नुसतं गवत.

पण रेघेत आधी-नंतर नसतं.
कोण कुणाच्या मागून आलं
ते वर्ग करताना गळून पडतं,
अधिक-उणेही एकच होऊन जातं:
खड्ड्यात पडणं नि खड्ड्यातून निघणं
एकाच किमतीचं.

आणि पाच हर्ट्झच्या खालचं कापावंच लागतं.
टेबलाची झेप पंचवीस मिलिमीटर.
होडीसारखं झुलणं, वळणावर कलणं,
गाडी उचलून सावकाश खाली ठेवणारा तो सगळा डोंगर
आमच्याकडे मावत नाही.
अहवालात मी लिहिते, ‘उपकरणाची मर्यादा’.
हा शब्दप्रयोग मला आवडतो. पुष्कळ ठिकाणी चालतो.

पंधरा वर्षांच्या फेऱ्या सहा तासांत बसवायच्या
तर जोर वाढवायचा, त्याचं सूत्र आहे.
चहाचा मग टेबलापासून लांब ठेवत रिडली म्हणाला,
“माझ्या गुडघ्यांवर हे कुणीतरी आधीच चालवलंय.”

एक वाजून बावन्न मिनिटं, सात सेकंद.
मूळ नोंदीत तिथे एक काटा आहे,
पावणेचार जी, एकटाच.
सरासरीत तो दिसतही नाही,
हंडाभर पाण्यात मिठाचा खडा.
मी गाडीची डायरी काढली.
चालक बर्केट, पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
मेंढी. माफ करा.

कुणाची माफी, ते नाही लिहिलेलं.
मेंढी वाचली का, तेही.

मानकात असलं काही बसत नाही.
तरी तेवढे दोन सेकंद मी तसेच उचलले,
क्रमासकट,
टेबलाला झेपेल तेवढ्या ब्रेकसकट,
आणि चाचणीच्या शेवटी वेगळे जोडले.

गुरुवारी दुपारी तीनला,
सहा तासांच्या एकसुरी गुरगुरीनंतर
टेबल थांबलं.
मग एकदाच दचकलं.

रिडलीने झाकण उघडलं.
पट्टा शाबूत होता. बकल नव्हतं.
पिशवी एकोणीस मिलिमीटर उजवीकडे.
त्याने दोनदा मोजलं,
पट्टी खिशात घातली,
आणि बराच वेळ झाकण लावलंच नाही.

अहवालाच्या शेवटच्या पानावर
‘बिघाडाचं कारण’ असा एक रकाना असतो,
अरुंद, जेमतेम एका शब्दाचा.
मी लिहिलं: मेंढी.