दाखल क्रमांक सहाशे बारा

जिल्ह्याहून फॉर्म आलाय :
जीर्ण पुस्तकं रद्दीत काढण्यापूर्वी
वाचकांचे अभिप्राय नोंदवावेत.
रकाना दोन बोटं रुंद.

पुस्तक परदेशातलं,
तांबड्या दगडांच्या मुलखातलं, घोड्यांचं,
कुणीतरी मराठीत आणलेलं,
आणणाऱ्याचं नाव वाळवीने खाल्लेलं.
एक मेलेला माणूस, खूण केलेला सुळका
आणि दरीत कुठेतरी पुरलेलं सोनं.

आमच्या तारामुंबरीत घोडा आला तो एकदाच,
कुबलांच्या वरातीला,
आणि होडीचं इंजिन सुरू झाल्याबरोबर
नवऱ्यामुलासकट वाळूत पळाला.
तरी या पुस्तकाच्या चिठ्ठीवर
एकेचाळीस शिक्के आहेत.

शांबा कारेकर, सोनार. चष्मा कपाळावर.
"कोणी लिवल्यान ह्यां?
सोन्याची चार पोती, नि येक गाढाव?"
माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या पुढे ओढून म्हणाले,
"ह्यो सोन्यान भरलो,
तर तुमका एका हातान उचलूक जमाचो नाय."
पुस्तक परत आलं तेव्हा
पान अठ्ठ्याऐंशीच्या समासात
पेन्सिलीने त्रैराशिक मांडलेलं,
खाली दोन रेघा मारून उत्तर :
गाढवं बावीस.

दत्ताराम राऊळ, कस्टममधले निवृत्त शिपाई,
नकाशाचं पान बघून हसतच सुटले.
"सोनं लपवणारा कागद करतो होय?
आमच्या वेळी ज्या रात्री माल उतरायचा
त्या रात्री सगळं गाव
दिवेलागणीलाच झोपायचं.
तोच नकाशा."
मग खिडकीकडे बघितलं, आवाज उतरवला,
आणि विचारलं,
असलंच आणखी एखादं आहे का.

साईल, सहावी ब : "एकदम भारी."
वाचनालयामागे त्याचे तीन खड्डे.
एकात मी अळू लावलंय.

चंद्रभागा कुबल यांना अक्षर येत नाही.
बांगड्याला मीठ लावताना नातीने वाचून दाखवलं,
मासळीचा वास अजून पानांना आहे,
त्या पानांना वाळवी शिवलेली नाही.
पुस्तक द्यायला स्वतः आल्या.
"दुसऱ्या पानार त्येची बायल दारात उभी होती.
ती अजून उभीच आसा काय?"
मी म्हटलं, बघून सांगते.
त्या रात्री दोनशे बारा पानं चाळली.
गोळीबार तीन, साप एक, वादळ एक,
सोनं सापडलं, हरवलं, अर्धं सापडलं.
तिला कुणी आत जा म्हटलेलं नाही.
चंद्रभागाबाईंना मी अजून सांगितलेलं नाही,
बाजारात दिसल्या की दुसऱ्या टोपलीकडे वळते.

राहिले याकूब सोलकर.
चौदा वर्षं कुवेतला, पाइपलाइनीवर.
ते एकच प्रकरण वाचतात,
पाणी संपतं ते.
"सोन्याचं मला विचारू नका, बाई.
पण तहान बरोबर लिहिलीय.
आधी जीभ जड होते.
मग माणूस बोलायला लागतो.
मग घरच्यांशी बोलायला लागतो."
पुढे काय झालं
ते त्यांना नको असतं.
खूण तिथेच ठेवतात, एस.टी.चं जुनं तिकीट.

काल संध्याकाळी कुलूप लावताना आले.
छत्री दाराबाहेर उभी केली, चपला काढल्या.
"ते आहे ना जाग्यावर?
पोरगा गेलाय. परवाच्या विमानाने. तिकडेच."

दोन बोटांच्या रकान्यात मी लिहिलं :
गाढवं कमी.
बाई दारात.
तहान बरोबर.
मग ते खोडून लिहिलं : मागणी आहे.

आणि बेचाळिसावा शिक्का मारला,
तारीख जरा तिरकी आली.