उभी बारीक रेघ

मेणाच्या ठोकळ्यातून मी काप काढते,
जाडी चार मायक्रॉन.
कोमट पाण्यावर सोडला की तो पसरतो,
पेजेवर साय धरावी तसा.
ठोकळ्यावर नाव नसतं. शून्य-चार-एक-सात.
पण त्या दिवशी नर्स रजेवर होती, अर्ज मी भरला,
म्हणून नाव ठाऊक आहे, असायला नको होतं:
श्यू यिंगत्साय, वय चोपन्न,
श्वानवेईच्या वरच्या अंगाचं कोळशाचं खेडं.
सिगारेट? कधीच नाही.
हसली. "सिगारेट नवऱ्याची. माझी चूल."

चूल म्हणजे घराच्या मधोमध खड्डा,
त्याला धुराडं नाही.
आढ्याला टांगलेली डुकराची तंगडी
त्या धुरात तीन वर्षं मुरते, उत्तम होते.
तिच्याखाली बसून बाई
पाचव्या वर्षापासून बटाटे भाजते.

भिंगाखाली एका कडेला पेशी
वायुकोशांच्या भिंती धरून चालल्यात,
शहाण्यासारख्या, कुणाला धक्का न देता:
लेपिडिक, साठ टक्के.
मग गोल गोल अंगठ्या, असिनार, तीस.
आणि खाली उजवीकडे, पोकळीत,
देठाशिवाय तरंगणारे झुबके.
मायक्रोपॅपिलरी. दहा.
डॉक्टर ल्वो म्हणतात, माणूस साठ टक्क्यांवर जगतो
आणि दहा टक्क्यांनी जातो.
म्हणतात, आणि चहाचा डबा शोधू लागतात.

जनुकाचा कागद खालच्या मजल्यावरून आला.
ईजीएफआर, अठरावा एक्सॉन,
सातशे एकोणिसावी जागा:
जीजीसी हवं होतं, जीसीसी झालं.
एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर.
ध चा मा.
कुणी केला, जाब कुणाला विचारायचा?
धूर केव्हाच कौलांतून निघून गेला, सही न करता.

आता आलेख.
दोनशे अकरा बायका डाव्या कोपऱ्यातून
एकत्र निघतात, पायरी पायरीने उतरतात.
पायरी पडते तेव्हा
कुठेतरी एका खड्ड्यातला विस्तव त्या रात्री कुणी पेटवत नाही.
सतराव्या महिन्यावर ती आहे,
पण पायरी नाही. उभी बारीक रेघ,
नखाने ओढावी एवढी.
फोन लागत नाही, पत्ता जुना.
याला सेन्सॉर म्हणतात; सिनेमात कापतात तसं.
गणित तिला मेली म्हणत नाही,
जिवंत आहे असंही नाही,
फक्त इथून पुढे विचारत नाही.

गेल्या आठवड्यात एक पार्सल आलं,
"काचा करणाऱ्या बाईंना", एवढंच.
आत तंगडी, मिठाने पांढरी,
सुतळीला बांधलेली चिठ्ठी: टांगल्याची तारीख.
माझ्या रेघेनंतरचा नववा महिना.
हात कुणाचे, लिहिलेलं नाही.
तिचे. सुनेचे. नवऱ्याचेही असतील.

मी चिठ्ठी डॉक्टर ल्वोंपुढे धरली.
"हे धरता येत नाही," ते म्हणाले.
रेघ होती तिथेच राहिली.
जिन्याखालच्या खोलीत आम्ही तंगडी कापली,
त्यांनी दोन तुकडे जास्त घेतले.

तीन वेळा हात धुतले मी.
तरी दुपारी पाण्यावरून काप उचलताना
बोटांना धुराचा वास.