सात वाव तार

मर्साबितच्या चढावर, टायरवाल्याला लागून,
वाको फुंदीचं दुकान. काउंटरवर दोन खोकी.
"बोल तालासो, तारेचे दिवे की बिनतारी?"
मी म्हटलं, आधी चहा सांग.

बिनतारीचे गुण त्यानं बोटांवर मोजले:
पत्र्याला भोक नको, रिले नको, फ्यूज नको,
बुडाला चुंबक, छतावर ठेवला की बसला,
रिमोट गळ्यात अडकव, दाब, झाला उजेड.
किंमत सांगताना मात्र तो रस्त्याकडे बघत होता.

तारेचं खोकं त्यानं उघडलंही नाही.
दिवसभराचं काम, म्हणाला. डॅशबोर्ड उतरवा,
इंजिनमागच्या पत्र्यातून वाट काढा, रबर बसवा,
आणि सहा महिन्यांनी तू येणारच
धूळ प्यालेला कनेक्टर घेऊन, शिव्या देत.
काय घोडं मारलंय तारेनं तुझं, मी विचारलं.

मी दवाखान्याची गाडी चालवते. नऊ वर्षं.
चाल्बीचा रस्ता सांगून कळायचा नाही:
पन्हाळी पत्र्यासारखी माती, तासन् तास,
दात वाजतात, नट आपणहून सैल होतात
आणि न सांगता निघून जातात.
चुंबकाला कुणी शपथ घातलीय थांबायची?
अंधाऱ्या रात्री उंट रस्त्यातच बसतात.
दिवा अर्धा क्षण उशिरा लागला
तर तो अर्धा क्षण कुणाच्या नावावर मांडायचा?

तार खोटं बोलत नाही असं नाही. बोलते.
पण तिचं खोटं बोटांनी चाचपता येतं:
बंपरपासून सुरू करायचं, टॉर्च तोंडात धरून,
जिथं कातडं सोललंय तिथं ती सापडते.
बिनतारी रुसला तर मनधरणी कुणाची करू?
हवेची?

एवढं ठरवूनच आले होते.
आणि मग, चहाचा गाळ तळाशी दिसू लागला तेव्हा
कालाचाच्या अलीकडची ती रात्र आठवली.

दार्मी बाभळीखाली. गाडीत यायला तयार नाही,
मागच्या बाकावर तीन परके पुरुष होते.
एलेमा सिस्टर ओरडली, उजेड दे!
मी गाडीचं तोंड वळवलं, जेवढं वळलं तेवढं.
पुढे काळे दगड, चाक जाईना,
आणि माझे दोन्ही हेडलाइट
दार्मीच्या डोक्यावरून पलीकडच्या
रिकाम्या वाळवंटाला न्हाऊ घालत राहिले.
एलेमानं फोन दातांत धरला.
चार टक्के, ती नंतर म्हणाली. चारच उरले होते.
पोरगी जगली. तिला आता दात आलेत.

वाकोनं पहिलं खोकं माझ्याकडे सरकवलं:
"म्हणजे बिनतारी. उचलायचा, न्यायचा."
आणि चार्ज कोण करणार? तोही एखाद्या रात्री
चार टक्क्यांवरच असेल, फोनसारखा.

मी उठले. दुकानाच्या उंबऱ्यापासून चालत गेले,
परक्यांनी भरलेल्या गाडीपासून
बाई जेवढी दूर जाऊन बसेल तेवढी.
टायरचा ढीग ओलांडला, बांधलेली शेळी ओलांडली,
पाण्याच्या पिंपापाशी थांबले, वळून पाहिलं.
इथून हाक ऐकू येते, चेहरा दिसत नाही.

वाकोचा पोऱ्या अब्दुब हात पसरत पसरत आला.
सात वाव, म्हणाला.

एवढी तार जास्तीची. सीटमागे गुंडाळून ठेव.
डावा दिवा पंखवाल्या नटवर बसव,
अंधारात हातानं निघाला पाहिजे.
"इतक्या लांब उजेड मंदावेल."
मग जाड तार घे.
त्यानं कॅल्क्युलेटर काढला, दोनदा बेरीज केली.
बिनतारीपेक्षा महाग पडत होतं.
"असं कुणी मागितलं नाही आजवर," तो म्हणाला,
आणि रीळ खाली काढताना, सहजच:
"ती याहून लांब जाऊन बसली तर?"

मी अब्दुबकडे पाहिलं.
त्यानं पुन्हा हात पसरले.