हिस्सा

दसऱ्याला पैसे भरले, पाडव्यापर्यंतचे.
तेव्हा शेतात नुसती ढेकळं.
कुंभारीच्या गंगव्वा म्हणाल्या,
"पिकेल ते तुमचं. नाही पिकलं, तर तेही."
मी हसलो. पावती मात्र जपून ठेवली.

रविवारी जुळे सोलापुरात, पाण्याच्या टाकीखाली टेम्पो.
अठ्ठावीस पिशव्या. माझ्या पिशवीत चिठ्ठी:
गवार रुसली आहे, मुळा घ्या.
पुढच्या रविवारीही मुळा.
तिसऱ्या रविवारी पिशवी न उघडताच ओळखला,
वासावरून.

मग अंबाडी. तीन आठवडे नुसती अंबाडी.
जिन्यात कुरापाटी काकूंनी अडवलं,
"गोंगुरा? टाकू नका की, द्या इकडं."
चारही मजल्यांवरची गोळा करून नेली.
परत आली बरणी,
लसूण, लाल मिरची, वर बोटभर तेल.

माघात गारा पडल्या.
त्या रविवारी टेम्पो आला, पिशव्या सपाट.
कांदापातीची एक जुडी, सहा वांगी.
गंगव्वा खाली उतरल्याच नाहीत.
रांगेत पैशांचं कुणी काढलं नाही.
मी वांगी मोजली,
मग मोजल्याची लाज वाटली.

घरी कडक भाकरी, काकूंची बरणी.
वांग्यावरचा डाग सुरीनं काढला.
गारेएवढाच होता.