बाक

वीज गेली बुधवारी रात्री.
इर्कुत्स्कहून येणाऱ्या तारा बर्फानं ओढल्या असाव्यात.
गावात जनरेटर एकच, तो मासळीच्या गोदामात;
बैकालकाठच्या आमच्या प्रयोगशाळेचं नाव
कुठल्याच यादीत वर नसतं.

उबेच्या कपाटात दोन चंबू होते,
चौतीस अंशांवर वाढवलेले.
हिरवंनिळं पाणी दिसतं, पण ती वस्ती असते,
एकेका पेशीचं एकेक घर.
एका चंबूवर येर्झेनानं लिहिलं होतं ‘मूळ’,
दुसऱ्यावर नुसती फुली:
त्यातलं एक जनुक आम्हीच काढून घेतलेलं.
उबेत दोन्ही सारखेच.
उबेत कुणीही कुणासारखं दिसतं.

सकाळी कपाटात बारा अंश.

आत काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं,
म्हणजे वाचून ठाऊक:
पेशीभोवतीचं दोन रेणू जाडीचं तेलकट कापड
थिजू लागतं,
मेदाम्लांच्या सरळ शेपट्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात,
दारं सरकेनाशी होतात.
बाहेरून कुणी निरोप आणत नाही.
ताठरपणाच कुठंतरी बोचतो
आणि एक विकर कामाला लागतं.
नाव लांबलचक, काम एवढंसं:
साखळीतले दोन हायड्रोजन उचलायचे,
तिथं दुहेरी बंध घालायचा.
साखळी त्या जागी वाकते.
बस. एक बाक.
वाकलेलीला शेजारणीला खेटता येत नाही,
मधे फट राहते,
हलायला जागा.

माझे वडील, गर्मा,
याच सरोवरावर तीस वर्षं ओमूल पकडायचे.
थोरल्यानं होडी विकली
त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाहीत.
एकाच चुलीशी बसायचे दोघं,
मोडेन पण वाकणार नाही या जातीचे.
एका मार्चमध्ये बर्फाला भोक पाडताना
छातीला हात लावून खाली बसले,
पहार हातातच.
पेशींची ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.
म्हणाले असते,
“शेवाळ्याचं काय घेऊन बसलीस,
त्याला पाठीचा कणा तरी आहे का?”

शनिवारी दिवे आले.
‘मूळ’ दोन दिवस गप्प राहून
पुन्हा वाढायला लागलं होतं, सावकाश.
फुलीचा चंबू पिवळट,
जुन्या वर्तमानपत्रासारखा.
येर्झेनानं वहीत लिहिलं: फिकट, अपेक्षेप्रमाणे.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
“तार ओढून घेतली असती गोदामातून
तर कपाट चालू राहिलं असतं.”

गोदामाचा जनरेटर झोरिग्तो सांभाळतो.
माझा थोरला भाऊ.
तिथवर चारशे पावलं,
त्या तीन रात्रींत एकदा मी दारापर्यंत गेले होते,
बूट घालून, टोपी घालून.

चंबू मी अजून धुतलेला नाही.